एक पावली, हाली

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. दूध आलं नाही की मी त्या तारखेवर ‘दू. ना.’ लिहिते, नवीन सिलिंडर लावला की ‘गॅस’. २०२४ च्या सप्टेंबरचं पान उलटलं तेव्हा १७ च्या चौकोनात काही लिहायला जागाच नव्हती. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी, दोन्ही एकाच घरात दाटीवाटीनं बसलेले. आजी असती तर म्हणाली असती, "बघ, मी काय सांगत होते?"

आजी तारीख मानायची नाही. तिचं सगळं तिथीवर. माझा जन्म वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा, बाबांचा आषाढ वद्य पंचमीचा, आणि आजोबा गेले ते मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी. हॉस्पिटलच्या फॉर्मवर तिची जन्मतारीख म्हणून बाबांनी १ जून ठोकून दिली होती, त्या पिढीतल्या निम्म्या लातूरचा वाढदिवस १ जूनलाच असावा.

शाळेत सप्टेंबर आला की १७ तारखेची तयारी सुरू व्हायची. प्रभातफेरी, झेंडा, स्वामी रामानंद तीर्थांवर पाठ केलेलं भाषण. सातवीत असताना बाईंनी सांगितलं, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवसाबद्दल विचारून या. मी वही घेऊन आजीसमोर बसले. "आजी, १७ सप्टेंबर १९४८ ला तू काय करत होतीस?"

"मला तुमची सतरा-बितरा माहीत नाही."

"अगं, निजाम शरण आला तो दिवस."

"असं म्हण की. अनंत चौदस होती त्या दिवशी. शुक्रवार होता. पुरणाचा कट शिजत होता."

मी वहीत लिहिलं: आजीला तारीख आठवत नाही. बाईंनी त्याला पाचपैकी दोन गुण दिले. पुढं कितीतरी वर्षांनी, संगणकावर जुनी पंचांगं बघता यायला लागली तेव्हा पाहिलं. १७ सप्टेंबर १९४८, शुक्रवार, शके १८७०, भाद्रपद शुद्ध चतुर्दशी. आजीला तारीख सोडून सगळं आठवत होतं.

तसं तिचंही चूक नव्हतं. त्या काळच्या लातुरात ‘आज तारीख काय’ या प्रश्नाला निदान चार उत्तरं होती. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्याचा एक तालुका. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडलं. कचेरीतला कागद उर्दूत आणि सन फसली. आक्टोबरात सुरू होणारं ते वर्ष १३५७ वं होतं आणि संपत आलेलं होतं. मशिदीत हिजरी १३६७, जिल्काद महिना. आजोबा गंजात एका आडतीवर मुनीम होते, त्यांच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, मिती म्हणजे तिथी. आणि बार्शी लाइट रेल्वेनं माल पाठवला की पावतीवर इंग्रजी तारीख, कारण ती कंपनी साहेबाची. एका पोत्याच्या प्रवासाला चार कॅलेंडरं लागायची. आजोबांना चारही तोंडपाठ असत, असं आजी अभिमानानं सांगायची. तिला एकच येई, आणि तिच्या मते एकच पुरे होतं.

ज्यांना लातूर माहीत नाही त्यांच्यासाठी: गंज म्हणजे गंजगोलाई. १९१७ साली बांधलेली गोल दुमजली बाजारपेठ, मधोमध देवीचं देऊळ आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर एकेक माल. बाहेरचा माणूस हमखास गरगरतो आणि जिथून निघाला तिथंच परत येतो. आमचं जुनं घर तिथून चालत सात-आठ मिनिटांवर गावभागात, मातीच्या भिंतींचं, वर माळवद, परसात आड.

कासीम रझवी या गावचाच वकील. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायची भाषा करणारा आणि निजामाच्या बाजूनं हत्यार घेतलेल्या रझाकारांचा म्होरक्या आधी आमच्या कोर्टात काळा कोट घालून उभा राहायचा, हे मला लहानपणी फार विचित्र वाटायचं. खलनायक लांबून यायला हवेत अशी एक अपेक्षा असते. आजोबांनी त्याला आडतीच्या कुठल्याशा कामात पाहिलं होतं. "कसा होता?" असं विचारलं की म्हणायचे, "वकील जसा असतो तसा."

१९४८ चा उन्हाळा-पावसाळा रझाकारीचा. जमलं त्यांनी बायका-पोरं छोट्या रेल्वेनं बार्शीला पोचवली. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. आमचं कुणी गेलं नाही, कारण सासऱ्यांचा म्हणजे माझ्या पणजोबांचा हट्ट: घरात अनंताचं व्रत आहे, चौदा वर्षांपैकी अकरावं चालू आहे, ते मोडायचं नाही. आजी तेव्हा चौदा वर्षांची, लग्न होऊन पाच महिने झालेले. व्रतापायी थांबलो याचा तिला पुढं आयुष्यभर राग होता आणि आयुष्यभर ते व्रत तिनंच चालवलं.

गौरी जेवून गेल्या आणि सोमवारी, १३ तारखेला, भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली. सरकारी भाषेत ती ‘पोलीस कारवाई’, लष्करी कागदात ‘ऑपरेशन पोलो’, आमच्याकडं नुसती ‘ॲक्शन’. आजही म्हातारी माणसं ‘ॲक्शनच्या वर्षी’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं. दुसऱ्या बाजूनं औरंगाबाद मंगळवारीच हाती आलं, बुधवारी जालना, आणि तिथली फौज लातूर-मोमिनाबादकडं वळली. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई. घरात मात्र यातलं काही कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की गंज बंद आहे आणि रॉकेल संपलंय.

शुक्रवारी दुपारी पणजोबांनी पूजा मांडली. दर्भाचा शेष, कलश, लाल रेशमाचा चौदा गाठींचा अनंत. आजीच्या डाव्या दंडाला बांधताना धागा मोठा झाला. दंड तो केवढासा, दोन वेढे घालावे लागले. गणपतीची मिरवणूक नव्हतीच. दिवेलागणीला टाळ न वाजवता, आरती पुटपुटून, गणपती परसातल्या आडात सोडला. पाणी वर होतं त्या वर्षी, हात घातला की लागायचं. तेवढ्यात आजोबा धापा टाकत आले. आडतीच्या मालकाकडं रेडिओ होता. निजामानं हैदराबाद रेडिओवरून सांगितलं होतं, लढाई थांबवली.

"आमचा गणपती आडात गेला आणि त्याच घडीला निजामही बुडाला," असं आजी सांगायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. ही गोष्ट मी तिच्याकडून निदान वीसदा ऐकली असेल. दरवेळी ती इथंच संपायची.

पुढचं तिनं एकदाच सांगितलं, २००५ साली. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा गाठ घेतात हे वाढदिवसाच्या निमित्तानं आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. १९४८ नंतर तीनदा एकोणीस मोजले की २००५. त्या वर्षीही अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली. मी माहेरी गेले होते. सकाळी टीव्हीवर झेंडावंदन चालू होतं, आजी ७१ वर्षांची, पाटावर बसून फुलवाती वळत होती. मी सहज म्हणाले, "आजी, आज तुझी तिथी आणि आमची तारीख एक झालीय बघ." तिनं वात खाली ठेवली, आतल्या खोलीत गेली आणि पितळी डबी घेऊन आली.

डबीत एक विटलेला अनंत होता. नवा बांधला की जुना पाण्यात सोडायचा असतो. हा सोडलेला नव्हता. आणि त्याखाली एक पावली, म्हणजे चार आण्यांचं नाणं, निजामाचं, चारमिनार असलेलं.

"ही मणेरणीची," ती म्हणाली.

मणेरीण गौरीच्या आधी बांगड्या भरायला यायची. माजघराच्या उंबऱ्यापर्यंत तिला मुभा होती, त्याच्या आत नाही. हे सांगताना आजी अडखळली नाही, तसं होतं म्हणून तसं सांगितलं. नव्या सुनेचा हात म्हणून त्या वर्षी हिरव्या चुड्याबरोबर दोन लाखेच्या जास्त भरल्या. चार आणे कमी पडले. सासूबाई म्हणाल्या, चौदशीला ये, वाण पण ने आणि पैसे पण ने. मणेरीण म्हणाली, येते की, पळून जाते का मी?

चौदशीला ती आली नाही. त्या दिवशी कुणीच कुठं जात नव्हतं. आठवडा गेला. मग एकदा माळवदावर मिरच्या वाळत घालायला गेली असताना आजीला पलीकडच्या गल्लीतलं तिचं घर दिसलं. "दार नव्हतं," आजी म्हणाली. "उंबरा होता, चौकट होती, वर तोरणाचं वाळकं पान होतं. दार नव्हतं." मग थोड्या वेळानं: "रात्री आवाज यायचे. तुझे पणजोबा मोठ्यानं विष्णुसहस्रनाम म्हणायचे. मला वाटायचं, भक्तीनं म्हणतात."

मुसलमान मणेरणीच्या दाराला तोरण कसं, हे मी विचारलं नाही. आठवणीत आपल्याच दाराचं तोरण जाऊन लटकलं असेल. किंवा असेलही तिथं.

परिस्थिती पाहायला नेहरूंनी पाठवलेले पंडित सुंदरलाल आणि त्यांचे सहकारी त्या वर्षाच्या अखेरीस हैदराबाद राज्यात फिरून गेले, त्यांचा अहवाल दिल्लीत कित्येक दशकं कुलपात होता. तो उघडा झाल्यावर मी त्यातलं लातूर शोधून वाचलं. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची पेठ असलेल्या या गावात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली; सुमारे १०,००० मुसलमानांपैकी गावात जेमतेम ३,००० उरलेले दिसले; हजाराहून अधिक मारले गेले, बाकीचे पळाले. असं त्यात आहे. वीस दिवस. आजोबा गंजात मुनीम होते, त्यांच्या रोजमेळात त्या वीस दिवसांच्या मित्या असणार. आमच्या घरी जुन्या वह्या होत्या, त्या १९९३ नंतर मातीबरोबर गेल्या.

हे लिहिल्यावर मला दोन्हीकडून काय ऐकावं लागेल ते मी जाणते. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, जाळली, आणि त्यांच्या राज्यातून सुटका झाली म्हणून मी मराठीत शिकले. माझ्या पदवीच्या कागदावर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. नांदेडचं ते विद्यापीठही १७ सप्टेंबरलाच, १९९४ साली, स्थापन झालं. मी त्या दिवशी झेंड्याला उभी राहते आणि मनापासून राहते. पण सातवीतल्या त्या वहीत मी जे लिहून आणायला हवं होतं, ते आजी सांगत नव्हती आणि बाई विचारत नव्हत्या, हेही तितकंच आहे.

(जाता जाता: माझी मावशी बीदरला असते, तीही निजामाच्याच राज्यातली. तिकडं हा दिवस २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ म्हणून साजरा होतो. तेलंगणात सरकार बदललं की दिवसाचं नाव बदलतं. एकाच रेडिओवरची एकच बातमी, तीन राज्यांत वाटली गेली.)

आता त्या पावलीचं. निजामाच्या रुपयाला हाली म्हणायचे आणि इंग्रजी रुपयाला कलदार. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार. ॲक्शननंतरही हाली काही वर्षं चालली, मग बाद झाली. आजोबांनी घरातली हाली मोडून आणली तेव्हा आजीनं ही एक पावली काढून ठेवली. का, असं विचारल्यावर म्हणाली, "तिचे चार आणे हाली द्यायचे होते. कलदार दिले तर हिशोब चुकेल ना." मुनिमाची बायको.

१९९३ ची चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. सरकारी नोंदीत भूकंपाचा दिवस ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. पण लातूर भागात कुणालाही विचारा, तो म्हणेल, गणपती बुडवल्या त्या रात्री. मी दहावीत होते. भाऊ मिरवणुकीत लेझीम खेळून दोनला घरी आला, कानात, पापण्यांवर गुलाल. आईनं पाणी तापवून देते म्हटलं, तो नको म्हणाला आणि तसाच आडवा झाला. मला जाग आली ती मांडणीवरच्या भांड्यांनी. आधी मांजर असेल वाटलं. मग सगळीच भांडी एका लयीत वाजायला लागली, आणि खालून आवाज आला. त्या आवाजाचं वर्णन करायला मला अजून शब्द मिळालेला नाही. मालगाडी म्हणतात लोक, पण मालगाडी बाजूनं जाते, हा पायाखालून गेला. माळवदाची माती चाळणीतून पडावी तशी अंगावर पडत होती. आजीनं मला दंडाला धरून ओढलं, तिच्या दंडावरचा कालच बांधलेला अनंत माझ्या गालाला घासला. एवढं बारीक आठवतं. कोण कसं बाहेर आलं, ते नाही.

आमच्या घराची पश्चिमेची भिंत फाटली, तेवढंच. शहर बचावलं. उजाडेपर्यंत सगळी गल्ली रस्त्यावर. साडेसहाच्या सुमारास कुणीतरी औशाकडून मोटारसायकलवर आला आणि म्हणाला, "किल्लारी गेली." कुठं गेली, असं एका बाईनं विचारलं. खरंच विचारलं.

किल्लारीत वर्षभरापूर्वीपासून गुडगुड चालू होती. ९२ च्या पावसाळ्यापासून धक्के बसत होते, लोक ओरडत होते, आणि त्यांना धीर देण्यात येत होता. तिकडची घरंही आमच्यासारखीच, किंबहुना जास्त भक्कम दिसणारी: दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडी भिंती, दगड गोल आणि मध्ये नुसती माती, वर लाकडी सरे आणि त्यावर फूट-दोन फूट पांढरी माती. उन्हाळ्यात अशा घराइतकं गार काही नसतं. भिंत हलली की वरची सगळी माती खाली. जवळपास दहा हजार माणसं गेली, पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

दुपारी बाबांबरोबर मी भाकरीचं गाठोडं घेऊन दवाखान्यात गेले. व्हरांड्यात, झाडाखाली, जीपमध्ये, सगळीकडं माणसं झोपवलेली. सगळी एकाच रंगाची. पांढऱ्या मातीनं केस, भुवया, ओठ, सगळं एक झालेलं. आमच्या भावाएवढाच एक मुलगा भिंतीला टेकून बसला होता. त्याला पाणी दिलं, ते ओघळलं, आणि जिथून ओघळलं तिथं मातीखालून गुलाल निघाला. मी पेला तिथंच ठेवून पळाले.

त्यानंतर आमच्याकडं गणपती दीड दिवसाचा झाला. कुणी ठरवलं नाही. अनंताची पूजा मात्र आजीनं सोडली नाही.

२०१२ ला मला आधीच माहीत होतं. ९३ अधिक एकोणीस. चतुर्दशी पुन्हा २९ सप्टेंबरला. मी तेव्हा बार्शी रोडला नव्या फ्लॅटमध्ये, मुलगी तीन वर्षांची. मिरवणूक संपली, ढोल थांबले, नवरा घोरायला लागला. मी पावणेचारला उठून स्वयंपाकघरात बसले आणि मांडणीकडं बघत राहिले. आता मांडणी नसते, ट्रॉली असते, पण सवय. ३.५६ झाले. खाली वॉचमन खोकला. चार वाजता मी चहा टाकला.

मधल्या बाकीच्या चतुर्दश्या कशा गेल्या ते थोडक्यात सांगते. २०१५ ला बादलीतल्या पाण्यात विसर्जन केलं आणि ते पाणी कुंड्यांना घातलं, कारण नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. पुढच्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १० टँकर, ५ लाख लिटर. ज्या स्टेशनवर एकेकाळी माणसं जीव घेऊन बार्शीच्या गाडीत चढली त्याच गावात पाणी रेल्वेनं यायला लागलं, यावर आजीनं काहीतरी नक्की म्हटलं असतं. पण ती २०११ साली गेली. २०२० ला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. परसातल्या आडावर त्याआधीच स्लॅब पडला होता.

तर २०२४. सकाळी मुलगी शाळेतून झेंडा करून आली. पंधरा वर्षांची, दहावीत. संध्याकाळी मी अनंताची पूजा मांडली. मी सगळं आजीसारखं करत नाही, दर्भाचा शेष मला जमत नाही, बाजारातून आणते. डबी देवापुढं ठेवली. मुलीनं ती उघडली, पावली हातात घेऊन उजेडात धरली, उर्दू वाचता येईना म्हणून फोनवर फोटो काढला आणि दोन मिनिटांत म्हणाली, "आई, हे विकलं जातं. लोक घेतात. लिस्टिंग टाकू?"

"विकायची नाही. ती आपली नाही."

"मग कुणाची?"

खाली मिरवणूक चौकात पोचली होती, काचा थरथरत होत्या. मी खिडकी लावली, कटाखालचा गॅस बारीक केला आणि तिला बसायला पाट दिला.